निकेलचा केर सिग्नल क्युरी तापमानाच्या आधीच का हरवतो: तापवताना वारंवार येणाऱ्या अडचणीचे निवारण

ठाण्यातील ज्या पदव्युत्तर प्रयोगशाळेत मी चुंबकीय-प्रकाशीय मापनाचा प्रयोग सांभाळतो, तेथे एकच तक्रार दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांकडून येते. सिलिकॉनच्या वेफरवर, म्हणजे पातळ चकतीवर, चढवलेल्या निकेलच्या पातळ फिल्मवर लाल लेझरचा किरण टाकला जातो, परावर्तित किरणाचे ध्रुवण, म्हणजे प्रकाशाच्या कंपनाची दिशा, तपासले जाते (फिल्मच्या चुंबकनामुळे त्यात पडणारा फरक म्हणजे केर सिग्नल) आणि चुंबकीय क्षेत्र मागेपुढे फिरवले की पडद्यावर हिस्टेरेसिसचा, म्हणजे चुंबकन क्षेत्रामागे रेंगाळत असल्याचे दाखवणारा, सुबक लूप उमटतो. मग फिल्म हळूहळू तापवायला घेतली की लूपची उंची कमी होत जाते आणि २८०-२९० अंश सेल्सिअसच्या सुमारास लूप नाहीसा होतो. पुस्तकात निकेलचे क्युरी तापमान, म्हणजे ज्याच्या वर धातूचे लोहचुंबकत्व नाहीसे होते ते तापमान, ३५४ अंश (६२७ केल्विन) असे दिलेले असते. "सर, तापमापकात साठ-सत्तर अंशांची चूक असू शकते का?" हा प्रश्न त्यानंतर ठरलेला असतो.

या मुख्य तक्रारीच्या सोबतीला आणखी दोन येतात. काही फिल्म्सवर सिग्नल तापमानाबरोबर आधी वाढतो आणि मग कमी होतो, जणू तापवल्यामुळे चुंबकन वाढले आहे. आणि काही दिवशी, विशेषतः दुपारच्या सत्रात, सगळा वक्र दर दहा-पंधरा मिनिटांनी लाटेसारखा वर-खाली होत राहतो. तिन्हींची कारणे निरनिराळी आहेत, पण ती शोधण्याची रीत एकच आहे. चुंबकीय क्षेत्र उलटे केल्यावर काय उलटते ते पाहावे, आणि तापमान खाली आणल्यावर काय परत येते तेही पाहावे. या दोन कसोट्या लावण्याआधी मिळालेल्या कोणत्याही वक्राला मी क्युरी तापमानाचा वक्र म्हणू देत नाही.

कसोट्या याच का, हे समजण्यासाठी धातूच्या प्रकाशीय गुणधर्मांमध्ये तापमान आणि चुंबकन कोणकोणत्या वाटांनी शिरतात ते आधी पाहावे लागते. एक वाट चुंबकत्वाशी थेट संबंध नसलेली आहे. तापमान वाढले की जालकाची कंपने वाढतात, मोकळे इलेक्ट्रॉन अधिक वेळा विखुरले जातात, विद्युतरोधकता वाढते आणि परावर्तनात किंचित बदल होतो. दृश्य प्रकाशात धातूच्या परावर्तनातील हा बदल दर केल्विनला साधारणपणे एक लाखांश ते एक दहा-हजारांश इतकाच असतो, म्हणजे खोलीच्या तापमानापासून निकेलच्या क्युरी तापमानापर्यंत जास्तीत जास्त दोन-तीन टक्के. लोहचुंबकी धातूत या विखुरण्यात चुंबकीय अव्यवस्थेचाही वाटा असतो, म्हणूनच निकेलच्या रोधकतेचा वक्र क्युरी तापमानाशी वाकतो आणि त्यापुढे त्याचा चढ सौम्य होतो. दूरच्या अवरक्त प्रकाशात परावर्तन थेट रोधकतेवर अवलंबून असते, हे हागेन आणि रुबेन्स यांनी १९०३ मध्ये दाखवले होते. त्यामुळे तेथे हा वाक परावर्तनातही दिसायला हवा. ६३२.८ नॅनोमीटरच्या लाल प्रकाशात मात्र एका ऊर्जापट्टातून दुसऱ्या पट्टात जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे अवशोषण वरचढ असते, आणि रोधकतेचा वाक त्यात बुडून जातो. लाल लेझरने नुसते परावर्तन मोजून क्युरी तापमान सापडेल अशी आशा म्हणूनच धरू नये.

दुसरी वाट चुंबकनाची आहे. स्पिन हा इलेक्ट्रॉनाचा अंगभूत चुंबकीय गुण; त्याच्या वरच्या आणि खालच्या दिशांच्या ऊर्जापट्टांमध्ये विनिमय आंतरक्रियेमुळे, म्हणजे स्पिन एका दिशेत ठेवणाऱ्या परस्परक्रियेमुळे, अंतर पडते. निकेलमध्ये हे अंतर सुमारे ०.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे आणि क्युरी तापमानाकडे जाताना ते आक्रसत जाते. या अंतराच्या जोडीला स्पिन आणि कक्षीय गती यांचे युग्मन असेल तर उजव्या आणि डाव्या वर्तुळाकार ध्रुवणाच्या प्रकाशाला तो धातू वेगवेगळा प्रतिसाद देतो, आणि परावर्तित किरणाचे ध्रुवण प्रतल किंचित फिरते. जॉन केर यांनी १८७७ मध्ये प्रसिद्ध केलेला परिणाम तो हाच. क्षेत्र फिल्मच्या पृष्ठभागाला लंब असताना लोखंडासाठी हे फिरणे अर्ध्या अंशाच्या जवळपास, तर निकेलसाठी एका अंशाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतके असते. आमच्या मांडणीप्रमाणे क्षेत्र पृष्ठभागाला समांतर असेल तर ते आणखी कितीतरी कमी होते. येथे महत्त्वाची गोष्ट अशी की चुंबकन उलटे केले की हे फिरणेही उलटते. आमच्या मांडणीत परावर्तनात आणि सामान्य अपवर्तनांकात चुंबकनामुळे होणारे बदल चुंबकनाच्या वर्गावर अवलंबून असतात, त्यामुळे दिशा उलटली तरी ते तसेच राहतात. क्षेत्र उलटण्याच्या कसोटीचे सगळे सामर्थ्य या एका भेदात आहे.

आता मूळ तक्रारीकडे वळू. लूप २९० अंशांना हरवला, तर पहिल्यांदा फिल्म खोलीच्या तापमानापर्यंत थंड करून लूप पुन्हा घ्यावा. तो पूर्ण उंचीने परत आला, तर तापमापन किंवा किरणाची जुळणी तपासण्यास जागा आहे. तो परत आला नाही, तर फिल्म पूर्वीची राहिलेली नाही एवढे नक्की समजावे, आणि तापमापकाला दोष देण्यात वेळ घालवू नये. आमच्याकडे हे दुसरेच बहुतेक वेळा घडत असे आणि त्याचे कारण समजायला मला दोन शैक्षणिक वर्षे लागली.

फिल्म ज्यावर बसलेली असते त्या सिलिकॉनमध्ये हे कारण दडलेले होते. निकेल आणि सिलिकॉन यांचा थेट संपर्क असेल तर सुमारे २०० ते ३५० अंशांच्या दरम्यान ते एकमेकांशी संयोग पावून निकेल सिलिसाइड तयार करतात. प्रथम निकेलबहुल सिलिसाइड तयार होते आणि आणखी तापवल्यास निकेल व सिलिकॉन समप्रमाणात असलेले. ही सिलिसाइडे लोहचुंबकी नाहीत. वेफरवर हवेमुळे आपोआप बसलेला एक-दोन नॅनोमीटरचा ऑक्साइड या अभिक्रियेला थोडा उशीर लावतो, तिला थांबवत नाही. आमच्या फिल्म्स राबाळे औद्योगिक पट्ट्यातील एका छोट्या कारखान्यातून चढवून येत असत. तेथे वेफर नीट धुऊन, जमले तर हा ऑक्साइड काढूनच निकेल बसवले जाई. काम चोख होते, पण आमच्या प्रयोगासाठी तोच चोखपणा घातक ठरत होता.

यातील सर्वांत फसवी बाब मी मुद्दाम विस्ताराने सांगतो, कारण अनेक चांगले विद्यार्थी तेथे अडकलेले मी पाहिले आहेत. निकेलमध्ये लाल प्रकाशाची तीव्रता साधारण १४ नॅनोमीटर खोलीवर एक-तृतीयांशाच्या जवळ येते. फिल्म ३०-४० नॅनोमीटर जाड असेल, तर किरण तिचा वरचा अर्धा भागच पाहतो. सिलिसाइड मात्र खालून, सिलिकॉनच्या बाजूने वाढत येते. परिणामी बराच काळ केर सिग्नलवर काहीच परिणाम दिसत नाही, तो निकेलच्या अपेक्षित वक्राप्रमाणे थोडाथोडा उतरत राहतो, आणि सिलिसाइडची सीमा किरणाच्या आवाक्यात आली की काही मिनिटांत कोसळतो. हा कोसळणारा वक्र क्युरी तापमानाजवळच्या वक्रासारखा इतका हुबेहूब दिसतो की त्यावर क्युरी तापमानाजवळच्या उतरणीचा घातांक बसवून अहवाल लिहिण्याचा मोह होतो. दोन्हींतला फरक एका सोप्या प्रयोगाने कळतो. तापमान २७० अंशांवर स्थिर ठेवावे आणि अर्धा तास केवळ लूप घेत राहावे. चुंबकन तापमानावर अवलंबून असते, घड्याळावर नाही. स्थिर तापमानाला लूप खचत राहिला, तर फिल्ममध्ये रासायनिक बदल चालू आहे.

उपाय सरळ आहे. निकेल आणि सिलिकॉन यांच्यामध्ये १०० नॅनोमीटर किंवा अधिक जाडीचा, भट्टीत वाढवलेला सिलिकॉन डायऑक्साइडचा थर असलेला वेफर मागवावा. तो सहज मिळतो. साधी सूक्ष्मदर्शकाची काचपट्टी वापरण्याचा सल्लाही काही जण देतात, पण ती उष्णता नीट वाहून नेत नाही. त्यामुळे खालच्या तापमापकाचा आकडा आणि वरच्या फिल्मचे तापमान यांत मोठी तफावत पडते आणि एक चूक काढताना दुसरी आत येते.

तापवल्यावर सिग्नल वाढतो, ही दुसरी तक्रार बहुधा ऑक्सिडीकरणाची असते. निकेलवर हवेत निकेल ऑक्साइड तयार होते. ते प्रतिलोहचुंबकी (शेजारच्या अणूंचे चुंबकत्व एकमेकांना रद्द करणारे) असल्यामुळे केर परिणामात त्याचा स्वतःचा वाटा नसतो, परंतु लाल प्रकाशाला ते बरेचसे पारदर्शक आहे. धातूवर असा पारदर्शक थर बसला की परावर्तन कमी होते, थरातल्या थरात प्रकाश पुन्हा पुन्हा धातूवर आदळतो, आणि परावर्तित किरणाचे फिरणे अंशांमध्ये मोजले तर ते वाढलेले दिसते. चुंबकन वाढलेले नसते. ज्या एकूण प्रकाशाशी आपण त्याची तुलना करतो तो कमी झालेला असतो. ओळखण्याची खूण अशी की थंड झाल्यावर फिल्मच्या रंगात किंचित पिवळसर किंवा तपकिरी झाक येते आणि एकूण तीव्रता मूळपेक्षा कमी राहते. म्हणून प्रत्येक लूपसोबत केवळ फिरण्याचा कोनच नव्हे, तर डिटेक्टरवरची एकूण तीव्रताही नोंदवावी. ही नोंद नसल्यामुळे संपूर्ण दिवसाचे मापन फेकून द्यावे लागल्याचे प्रसंग आमच्याकडे आले आहेत.

"पण सर, आपण पंप लावला होता" असे उत्तर येथे नेहमी मिळते. रोटरी पंपाने मिळणारी निर्वातता या कामाला पुरत नाही. एका टॉरच्या (टॉर हे दाबाचे एकक) दहा लाखाव्या हिश्श्याइतक्या दाबालाही दर सेकंदाला साधारण एक अणुथर भरेल इतके रेणू पृष्ठभागावर आदळतात. रोटरी पंपाच्या दाबाला ही संख्या हजारो पटींनी मोठी असते, आणि पावसाळ्यातील ठाण्याच्या हवेमुळे कक्षाच्या भिंतींवर बसलेले पाणी तापवताना त्यात भर घालते. उत्तम निर्वात पंप नसेल, तर निकेलवर त्याच बैठकीत, कक्ष न उघडता, सिलिकॉन डायऑक्साइडचा दहा-पंधरा नॅनोमीटरचा आवरण थर चढवून घ्यावा. तोही केर कोन थोडा बदलतो, पण तो तापमानाबरोबर वाढत नाही, आणि आपल्याला येथे स्थिरता हवी आहे.

तिसरी तक्रार, म्हणजे दुपारची लाट, फिल्मबाहेरची आहे. आमच्या मांडणीत अ‍ॅनलायझर पूर्ण बंद स्थितीपासून (ही ध्रुवण-गाळणी ज्या कोनाला प्रकाश पूर्ण अडवते तेथून) एका अंशाने हलवून ठेवलेला असतो. केर कोन ०.०२ अंश धरला, तर क्षेत्र उलटल्यावर तीव्रतेत सुमारे आठ टक्क्यांचा फरक पडतो, आणि तोच आपला सिग्नल. आता एखाद्या कारणाने ध्रुवण ०.०१ अंशाने सरकले तर तीव्रता दोन टक्क्यांनी बदलते. वातानुकूलन यंत्राचा कंप्रेसर सुरू-बंद होताना अ‍ॅनलायझरच्या बैठकीवर थंड झोत येतो, आणि लेझरच्या नळीची लांबीही त्याबरोबर बदलते. लेझर अध्रुवित प्रकारचा असेल तर नळी तापताना वा थंडावताना त्याचे दोन ध्रुवणांमधील वाटप बदलत राहते आणि पोलरायझरमधून, म्हणजे लेझरपुढच्या तशाच गाळणीतून, बाहेर पडणारी तीव्रता डोलते. यासाठी ध्रुवित लेझर घ्यावा, तो मापनाच्या किमान पाऊण तास आधी सुरू करावा, संपूर्ण मांडणीवर पुठ्ठ्याचे का होईना पण झाकण घालावे, आणि किरणाचा थोडा भाग वळवून दुसऱ्या डिटेक्टरवर संदर्भ म्हणून मोजावा. लाटेचा काळ आणि कंप्रेसरचा काळ घड्याळ लावून ताडून पाहिला की शंका उरत नाही.

विद्युतचुंबकाच्या कॉइलकडेही याच वेळी लक्ष द्यावे. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. कॉइल चाळीस अंशांनी तापली आणि पुरवठा स्थिर व्होल्टेजचा असेल, तर विद्युतधारा, आणि तिच्यासोबत क्षेत्र, सुमारे चौदा टक्क्यांनी घटते. लूप मग क्षेत्राच्या अक्षावर रुंद झालेला दिसतो आणि निग्राहिता (चुंबकन शून्यावर आणण्यासाठी लागणारे उलटे क्षेत्र) वाढल्याचा भास होतो. पुरवठा स्थिर धारेचा ठेवावा, किंवा क्षेत्र प्रत्येक बिंदूला मोजावे.

क्षेत्र उलटण्याच्या कसोटीलाही एक अपवाद आहे आणि तो लपवून चालणार नाही. तापवण्याच्या कक्षाच्या काचेच्या खिडकीत फॅराडे परिणाम होतो, म्हणजे क्षेत्रामुळे काचेतून जाणाऱ्या प्रकाशाचे ध्रुवण फिरते, आणि तोही क्षेत्राबरोबर उलटतो. सामान्य प्रकाशीय काचेत लाल प्रकाशासाठी हे फिरणे दर टेस्ला-मीटरला सुमारे ४ रेडियन असते. खिडकी ३ मिलिमीटर जाड असून तिच्यापाशी किरणाच्या दिशेने २० मिलिटेस्ला क्षेत्र पोहोचत असेल, तर एका खेपेत ध्रुवण ०.०१४ अंश फिरते. निकेलच्या सिग्नलच्या तुलनेत हे दुर्लक्ष करण्याजोगे मुळीच नाही. क्षेत्र पृष्ठभागाला लंब असलेल्या मांडणीत जाण्याचे आणि येण्याचे फिरणे एकमेकांत मिळते. हा परिणाम क्षेत्राशी सरळ रेषेत वाढतो, त्याला संपृक्तता नसते आणि हिस्टेरेसिसही नसतो, त्यामुळे लूपच्या दोन्ही सपाट टोकांना सारखाच तिरकसपणा येतो. ही तिरकी रेषा क्युरी तापमानाच्या वर घेतलेल्या मापनातून वजा करण्याची पद्धत आहे, पण ती मला मान्य नाही, कारण क्युरी तापमानाच्या लगेच वर निकेलचा स्वतःचा प्रतिसादही क्षेत्राशी सरळ रेषेत असतो आणि तोही वजा होऊन जातो. फिल्मच्या जागी ॲल्युमिनियमचा आरसा ठेवून रेषा वेगळी मोजावी आणि ती वजा करावी.

खिडकी तापली की तिच्यात ताण येतो, ताणामुळे द्विअपवर्तन (दोन दिशांच्या ध्रुवणांसाठी वेगळा अपवर्तनांक) येते आणि अ‍ॅनलायझरचा तो एक अंश प्रत्यक्षात एक अंश राहत नाही. क्षेत्राच्या दोन दिशांच्या तीव्रतांचा फरक त्यांच्या बेरजेने भागला की परावर्तनातील बदल निघून जातो, पण हा दोष निघत नाही. म्हणून प्रत्येक तापमानाला अ‍ॅनलायझर बंद स्थितीच्या दोन्ही बाजूंना समान अंतरावर ठेवून दोन लूप घ्यावेत. दोघांची उंची वेगळी निघाली, तर बंद स्थितीच सरकली आहे असे समजून ती नव्याने शोधावी. हे कंटाळवाणे काम आहे, पण वगळू नये.

एवढे करूनही लूप नाहीसा झालेले तापमान म्हणजेच क्युरी तापमान, असे धरू नये. शून्य क्षेत्राला उरणारे चुंबकन वेगवेगळ्या दिशांचे प्रदेश तयार झाल्यामुळे क्युरी तापमानाच्या आधीही शून्य होऊ शकते. उलट मोठ्या क्षेत्रात ते क्युरी तापमानाच्या पुढेही शेपटीसारखे लांबते. अनेक क्षेत्रांना मोजून चुंबकनाचा वर्ग आणि क्षेत्र-भागिले-चुंबकन यांचा आलेख काढावा, जो अ‍ॅरट यांनी १९५७ मध्ये मांडला. ज्या तापमानाची रेषा मूळ बिंदूतून जाते ते क्युरी तापमान. शक्य असल्यास त्याच फिल्मवर चार टोकांनी रोधकताही मोजावी. तिच्या चढातील बदलाला लेझर, खिडकी आणि अ‍ॅनलायझर यांच्याशी काही देणेघेणे नसते, म्हणून ती साक्ष मी अधिक विश्वासाची मानतो.

निकेल सोडून दुसरा धातू घ्यावा का, असेही विचारले जाते. लोखंडाचा सिग्नल मोठा आहे, पण त्याचे क्युरी तापमान १०४३ केल्विन. तेथे नमुना स्वतःच लालसर प्रकाशू लागतो आणि डिटेक्टरपुढे लेझरच्या रंगाचा अरुंद फिल्टर लावावाच लागतो. कोबाल्टची स्फटिकरचना सुमारे ४२० अंशांजवळ बदलते, त्यामुळे वक्रातील तेथला बदल चुंबकनाचा की रचनेचा हे वेगळे करणे कठीण जाते. गॅडोलिनियमचे क्युरी तापमान सुमारे २० अंश असल्यामुळे तापवण्याची गरजच नाही, म्हणून तो फार सोपा वाटतो. मात्र जुलैत ठाणे-नवी मुंबईच्या हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांच्या घरात असतो. उघड्या हवेत हा धातू थंड करू लागलो, तर क्युरी तापमान गाठण्याआधीच त्याच्या पृष्ठभागावर दव जमते, परावर्तन विखुरते आणि ओल्या हवेत तो गंजूही लागतो. त्याच्यावर काम करायचे असेल, तर कोरड्या नायट्रोजनचा प्रवाह आणि बंद कक्ष लागेल, किंवा जानेवारी-फेब्रुवारीची वाट पाहावी लागेल.

ऑक्साइडच्या थरावरची, आवरण चढवलेली पहिली फिल्म आम्ही मागील हिवाळ्यात ३८० अंशांपर्यंत नेली. लूप ३५० अंशांच्या थोडे पुढे मिटला आणि थंड होताना त्याच वाटेने परत उघडला. वागळे इस्टेटमध्ये बनवून घेतलेल्या तांब्याच्या तापक ठोकळ्यात तापमापकाचे भोक आता फिल्मच्या अगदी खाली, पृष्ठभागापासून दोन मिलिमीटरवर पाडून घेतले आहे, आणि उरलेला दोन-तीन अंशांचा फरक यंदाच्या गटाने तेथून शोधायला सुरुवात केली आहे.